सौंसरहून जपानला लावलेला फोन

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात मी सौंसरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. घर पांढुर्ण्याला. सकाळच्या पहिल्या बसने यायचं, आठ तास कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं, संध्याकाळच्या बसमध्ये उभ्याउभ्या डुलक्या घेत परतायचं. धाकटी सात महिन्यांची होती, तिला दात येत होते. त्या वर्षातली दुसरी कुठली गोष्ट आठवायला गेलं तरी आधी तो थकवाच आठवतो.

सौंसरच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या विहारात तेव्हा एक जपानी भिक्षुणी राहत. पन्नाशीच्या, बुटक्या, डोकं मुंडलेलं. दोन वर्षांत त्या आमची बोली शिकल्या होत्या, मोहल्ल्यातल्या बाया बोलतात अगदी तशी. लोक त्यांना जपानमाय म्हणत.

एका दुपारी त्या एक्सचेंजमध्ये आल्या. सोबत मोहल्ल्यातली एक म्हातारी होती, संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणारी. म्हातारीने नागपूरचा पेपर माझ्यापुढे धरला. आतल्या पानावर चार ओळी होत्या. जपानच्या उत्तरेला समुद्राखाली मोठा भूकंप, किनाऱ्यावर लाटा, कितीतरी माणसं बेपत्ता.

“माझं गाव तिकडंच हाय,” जपानमाय म्हणाल्या. “भाऊ मासे पकडते. घर बंदराले लागून.”

मी कॉल बुक केला. आधी नागपूर, मग मुंबई, तिथून परदेश. भावाच्या घरचा नंबर लागेना. मग त्यांनी गावाबाहेर टेकडीवरच्या बुद्धमंदिराचा नंबर दिला. कधी लागेल, सांगता येत नव्हतं. दोघी दाराजवळच्या बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. म्हातारी दर तासाला विचारायची, “लागून राह्यला का वं, बाई?” शेवटी मी खेकसले, “लागला की सांगीन ना!” जपानमायने म्हातारीच्या हातावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी जपानमाय एकट्याच आल्या, म्हातारी बागेत गेली होती. दुपारी माझा डोळा लागला. बोर्डावर डोकं टेकलं ते कळलंच नाही. जाग आल्यावर नागपूरच्या ऑपरेटरने झापलं. “मुंबईनं जपानची लाइन दिली होती. तुम्ही घेतलीच नाही. आता उद्या.”

मी बाकाकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मी म्हटलं, “आज लागत नाही म्हणतात.” त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या. बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, पण पांढुर्ण्यापर्यंत डोळे मिटले नाहीत.

चौथ्या दिवशी पुन्हा दोघी आल्या. सकाळी अकराला लाइन आली. मी हेडफोन काढून जपानमायच्या हाती दिला. त्या मोठ्याने काहीतरी बोलल्या, मग ऐकत राहिल्या. मधूनमधून म्हणत, “हाय. हाय.” मला हायसं वाटलं. आमच्याकडे हाय म्हणजे आहे. म्हातारीही तेच समजली. माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, “हाय म्हणते. भाऊ हाय तिचा.”

फोन संपला. जपानमायने हेडफोन नीट ठेवला, मग बाकावर बसून सांगितलं.

“भाऊ वाचला. वहिनी गेली.”

भाऊ त्या दिवशी बोट घेऊन लांब समुद्रात होता. तिथं काही जाणवलंच नाही. वहिनी भाजीसाठी खडकावरचं समुद्री शेवाळ वेचत होती.

“समुद्रात होता तो वाचला, अन् काठावरची गेली?” म्हातारी म्हणाली. “असं कसं वं माय?”

“खोल पाण्यात लाट उंच नसते. काठापाशी येऊन उभी राह्यते.”

“मंग तू हाय हाय कोणाले म्हनत होती?”

“आमच्यात त्याचा अर्थ हो. मंदिरातले सांगून राह्यले होते, मी हो म्हणत होती.”

म्हातारी तिथंच फरशीवर बसून रडू लागली. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, “काल लाइन आली होती. मी झोपली होती.”

“मले दिसलं,” त्या म्हणाल्या. “बोर्डावर घरघर झाली. तुम्हाले उठवायले उठली बी. मंग नाही उठवलं. भेव वाटलं मले.”

बोर्डावर जवळच्या रामाकोन्याचा कॉल आला. मी तो जोडून दिला.

महिन्याभरात जपानमाय गावी गेल्या. भावाला साधा भात शिजवता येत नाही, असं त्यांनी मोहल्ल्यात सांगितलं. वर्षभराने एक्सचेंजच्या पत्त्यावर पत्र आलं. पहिलीतल्या पोरासारखं मोठंमोठं अक्षर. भाऊ पुन्हा समुद्रावर जाते. घर आता टेकडीवर बांधलं. म्हातारीले जयभीम सांगा.

निरोप मी त्याच दिवशी पोचवला. उत्तर मात्र लिहायचं राहिलं. धाकटीला गोवर आला, मग माझी बदली झाली, मग पत्ताच कुठं ठेवला ते सापडेना.