आबांच्या पट्टीची गिटार

आमच्या गावातला पेटीवाला पुण्याकडं कारखान्यात नोकरीला लागला आणि जाताना पेटी घेऊन गेला. पेटी त्याचीच होती, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. पण त्या दिवसापासून माझ्या वडिलांचं गाणं बंद पडलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. महाळुंगे पडवळच्या अलीकडं आमचं गाव. वर्षभर आबा शेतात बटाटा नाहीतर कांदा करायचे आणि एप्रिलात जयंती आली की गायन पार्टी घेऊन स्टेजवर उभे राहायचे. आवाज खडा आणि मिजास त्याहून खडी. समोर गर्दी दिसली की ते घरच्यापेक्षा चढ्या पट्टीत गाणं उचलायचे आणि पेटीवाला बिचारा आपली पट्टी बदलून त्यांच्यामागं धावायचा. आबा दुसऱ्यासाठी खाली उतरल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही.

"सुराबिगर गायचं म्हंजी अंधारात जेवल्यावानी," आबा म्हणाले. "घास तोंडात जातो, पर काय खाल्लं ते कळत न्हाई. औंदा मी न्हाई गात."

जयंतीच्या दिवसांत कुठली पार्टी आपली पेटी उसनी देणार? आबा न गाता घरी बसतील, ही कल्पनाच मला सहन होईना. शाळेत असताना मी त्यांच्या गाण्याला लाजायचो. पण मंचरला कामाला लागल्यावर, लोक मला 'आबांचा पोरगा का?' असं विचारून चहा पाजायला लागल्यावर, मला त्या आवाजाचा गर्व झाला होता. तर मी बोलून गेलो, "मी गिटार करतो. तिच्यावर गा."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी मंचरला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात होतो. ही नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तळाला गेलं की लोकांच्या पंपाच्या मोटारी जळायच्या आणि आमच्या दुकानात दिवाळी असायची. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, की मोटार पुन्हा पाणी ओढायला तयार. हाताला तारेची सवय होती आणि गिटार म्हणजे तरी काय, लाकूड आणि तारच की. एकदा मंचरला ऑर्केस्ट्रा आला होता, तेव्हा मी गाणं सोडून रात्रभर त्या गिटारवाल्याच्या बोटांकडं बघत बसलो होतो. नवी गिटार घ्यायची आपली ऐपत नाही, हे मला ठाऊक होतं. करायची ऐपत आहे, असं मात्र मला उगाचच वाटायचं.

हसून झाल्यावर लाकूड आबांनीच शोधलं. पिंपळवंडीला त्यांच्या एका दोस्ताकडं ट्रॅक्टर आल्यापासून मोडकी बैलगाडी गोठ्यामागं पडून होती. दोस्त ती सरपणाला फोडणार होता. "बाभूळ हाय," आबा गाडीच्या दांडीवर टिचकी मारत म्हणाले. "पान्यानं फुगायची न्हाई, उन्हानं आटायची न्हाई. सागाचं काय घेऊन बसला." दांडीची झाली मान. चाकाच्या घेराचे दोन वाकडे तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवले, बोल्ट मारले, तर मधे आपसूक गिटारसारखी कंबर आली. आरे बसवायची भोकं तशीच राहिली. त्यातल्या एका भोकात मी जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण बसवलं.

खुंट्या मिळाल्या वरातीतल्या बँजो पार्टीच्या फुटक्या बँजोच्या. त्यातल्या चारच फिरत होत्या, म्हणून गिटारला तारा चार. आवाज पकडायला कॉइल लागते. पंपाच्या स्टार्टरमध्ये केसासारख्या बारीक तारेची कॉइल असते, लाईट गेली की मोटार सोडून देणारी. तसल्या एका भंगार कॉइलची तार उलगडून मी पुन्हा गुंडाळली आणि तिच्या पोटात मेलेल्या भोंग्यातला लोहचुंबक घातला. वाजवायच्या तारा म्हणून आधी मोपेडच्या ब्रेकच्या केबलचे पदर लावून पाहिले. त्यांचा आवाज ऐकून आई म्हणाली, "कुत्रं चावलं का काय त्याला?" शेवटी तारा तेवढ्या पुण्याहून नव्या आणल्या. पट्टा खाटेच्या नवारीचा. सगळं जोडून गळ्यात अडकवलं तर मी पुढं वाकलो. "नाकापेक्षा मोती जड," आई म्हणाली.

आता राहिले पडदे. गिटारच्या मानेवर बोटं दाबायला आडव्या तारा असतात, ते पडदे. जळक्या मोटारीतल्या जाड तांब्याच्या तारेचे मी ते केले आणि टेप लावून, पेन्सिलीनं खुणा करून, अगदी सारख्या अंतरावर ठोकले. मोटारीच्या आतल्या खाचा सगळ्या सारख्या अंतरावर असतात. त्या तशा नसल्या तर मोटार धडधडते. जगात चांगलं यंत्र असंच असतं, अशी माझी पक्की समजूत होती. त्या खुणा इतक्या सुबक दिसत होत्या की मी दुकानातल्या सगळ्यांना गिटार दाखवून आणली.

घरी येऊन वाजवली. पहिला पडदा बरा बोलला. दुसरा घसरला. पुढचं ऐकवेना.

"खालचं गातंय आन् वरचं रडतंय," आबा म्हणाले.

मी म्हणालो, तारा खराब आल्यात. दुकानदारानं फसवलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," आबा म्हणाले आणि पुन्हा हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. जयंती तोंडावर आली होती आणि मी रागानं पक्कड घेऊन सगळे पडदे उपटून टाकले.

आबांनी हसणं थांबवलं. ते माझ्या शेजारी येऊन बसले. "हे बघ, मी सूर लावतो. तू तार दाबत दाबत ये. जिथं जुळंल तिथं ठोक."

तसं आम्ही रोज संध्याकाळी बसायला लागलो. आबा सा लावायचे, मग रे. मी गिटारच्या तारेखाली तांब्याची सुटी तार सरकवत जायचो. "वर. आनखी वर. लई झालं, माघारी ये. हां, ठोक." कधी मला ते चुकीचे वाटायचे, कधी ते खरंच चुकायचे आणि कबूल करायचे नाहीत, मग आमची जुंपायची. आई भाकरी थापता थापता विचारायची, "गाताय का भांडताय?" पडदे झाले तेव्हा दोन खुणांत सारखं अंतर कुठंच नव्हतं. वर जावं तसे ते जवळ जवळ आलेले. दिसायला वेडंवाकडं, पण गिटार आबांसारखी गायला लागली. त्यांचा 'नि' जरा उतरलेला लागायचा, तोसुद्धा तिच्यात उतरला.

जयंतीला विहारापुढं स्टेज होतं. मंडपवाल्यानं गिटारची वायर आपल्या भोंग्याच्या मशीनला जोडली. ती थोडी घुमली, मग गप्प बसली. समोर सगळा गाव, पाहुणे, बाया, पोरं. ढोलकी सुरू झाली. मी सा दिला. आबांनी गर्दीकडं पाहिलं आणि नेहमीसारखं गाणं वर उचललं.

माझा हात थांबला. पेटीवाला पट्टी बदलायचा, पण माझ्या गिटारला आबांच्या घरच्या पट्टीतल्या सुरांपुरतेच पडदे होते. तारा तिथवर ताणल्या असत्या तर तुटल्या असत्या. हे इतक्या संध्याकाळी आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता आबा माईक ठेवून खाली उतरणार आणि पुन्हा कधी गाणार नाहीत, असं मला वाटलं.

आबांनी मागं वळून पाहिलं. हात करून ढोलकी थांबवली. पाण्याचा घोट घेतला आणि माईकमध्ये म्हणाले, "पावणं, पुन्यांदा घेतो." मग माझ्याजवळ येऊन कान गिटारपाशी आणला. "दे रं तुझा सा."

मी दिला. ते तिथून गायले. खालून, घरातल्यासारखे. गाणं संपेपर्यंत त्यांनी एकदाही वर उडी घेतली नाही. माझे डोळे भरले होते म्हणून मला पडदे नीट दिसत नव्हते, पण बोटांना ते पाठ होते.

ती गिटार अजून आहे. आबा अजून गातात. दर वर्षी जयंतीच्या आधी आम्ही गाणं धरतो आणि आबा दुसऱ्याच ओळीला, वरच्या सुरापाशी, थांबतात. "तुझी तार चढली बघ," ते म्हणतात. "लाकूड फुगलं वाटतं औंदा."

मला त्यांचीच अंगणाची म्हण आठवते, पण ती मी बोलत नाही. "हो, फुगलंय," म्हणतो आणि चारही खुंट्या थोड्या सैल करतो. बाभूळ फुगत नाही, हे मला त्यांनीच सांगितलंय.