ये न वं घरी

हिंगण्याला जाणारी आमची कंपनीची बस हुडकेश्वरहून निघते. माझी बसमधली मैत्रीण तिथं चढायची आणि शेजारच्या सीटवर आपली डब्याची पिशवी ठेवायची. माझा स्टॉप, बेसा, आला की पिशवी मांडीवर घ्यायची, मी बसायची. आठ महिने हे असंच चाललं. ती पॅकिंगला, मी ऑफिसात. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, लग्न झालेली. बोलायची तीच. मी ऐकायची, आणि मला ते पुरायचं. कंपनीत माझ्यासाठी जागा धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी मी उतरताना ती रोज म्हणायची, "ये न वं घरी. काहून येत नाही?"

माझ्या इंग्रजी शाळेत वाढदिवसाची छापील निमंत्रणं मिळायची, त्यावर दिवस आणि वेळ असायची. हिच्या बोलावण्यात दोन्ही नव्हतं. तरी ती रोज विचारते, म्हणजे मीच जात नाहीये, असं मला वाटायला लागलं. एका रविवारी मी गेले. आईनं गाजराचा हलवा स्टीलच्या डब्यात भरून दिला. मी मैत्रिणीकडे चाललेय म्हणून ती सकाळपासून खुशीत होती.

तिथं दार मैत्रिणीनंच उघडलं. हातात पिन होती, साडीचा पदर अर्धा लावलेला.

"तू? फोन तरी करायचा ना वं. आम्ही निघूनच राहिलो होतो."

आतून सासूनं विचारलं, "कोण हाये?"

"कंपनीतली आहे," ती म्हणाली.

मी परत जाते म्हटलं, पण तिनं बसवलं. चहा केला. तिचा नवरा बूट घालून समोरच्या खुर्चीत बसून होता. "बेश्यात कुठं राहता?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. चहा उकळता होता, तो मी चार घोटांत संपवला आणि हलव्याचा डबा तिच्या हातात देऊन निघाले. रात्री जेवताना भाजलेल्या जिभेला भाजीची चव लागली नाही. आईनं विचारलं, तर छान झाली म्हटलं.

सोमवारी तिच्या शेजारी पॅकिंगमधली एक बाई बसली होती.

"ही आधीच येऊन बसली वं," ती म्हणाली. हसून म्हणाली, रागावलेली वगैरे नव्हती. मंगळवारीही तसंच. मी ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर बसायला लागले. मी काय चुकीचं केलं ते तिला विचारायचं ठरवलं होतं, वाक्यही तयार होतं. विचारलं नाही. ती 'काही नाही' म्हणाली असती.

गुरुवारी त्या दुसऱ्या बाईनं माझा डबा आणून दिला. "तिनं दिला तुले." डबा घासून लख्ख केलेला. आत चमचाभर साखर होती. रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून. हलव्याबद्दल काही निरोप नव्हता.

घरी आल्यावर मी ती साखर आमच्या साखरेच्या डब्यात ओतली.

"आवडला का तिला?" आईनं विचारलं.

"हो. पुन्हा बोलावलंय."

बोलावलंय हे खोटं नव्हतं. अजूनही बेश्याला मी उतरायला उठले की ती मागून म्हणते, "ये न वं घरी."

"येईन ना," मी म्हणते, आणि उतरते.