चिडू नको, बीपी वाढल

आमगावच्या दवाखान्यात एक म्हातारी रांगेत माझ्या पुढे होती. नंबर यायच्या आधीच पोलक्याची बाही वर सारून बसलेली. तिच्या वतीनं मुलगाच बोलला, "मायचा स्वभावच तापट आहे जी, म्हणून बीपी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकट्या रागानं नाही होत. शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच कधीकधी रक्तवाहिन्यांना सूज आणतात, त्यानंही दाब वाढतो. गोळी रोज द्या."

बाहेर आल्या आल्या तिनं मुलाला अडवलं. "जलमभर मी त्या बांधीत धान रोवला. ते वावर इकताना मले काऊन नाही इचारलं?"

"माय, चिडू नको. बीपी वाढल."

माझंच डोकं तडकलं. घरात बाईला बीपी निघालं, की तिला गप्प बसवायला सगळ्यांना आयतं निमित्त मिळतं! काळजीच्या नावाखाली शेत विकून मोकळे होतात.

तिनं बाही शांतपणे खाली ओढली.

"राखणदारच बिघडले म्हणून सांगतलं ना बाईनं? मंग माह्या रागाले कायले बोल लावतं? गोळी मी खाईन. तू जवाब दे."