बडवी

आमच्या मजल्यावर तिला सगळे 'बडवी' म्हणत. हे नाव ठेवलं शेजारच्या आत्याबाईंनी आणि गावभर केलं मी. असली कामं मी फुकट करतो.

बडवी लहान मुलांना श्वासाचे व्यायाम द्यायची. आत्याबाईंच्या भाचीच्या फुप्फुसांत जन्मापासून चिकट कफ साचायचा. पोरीने काही खायच्या आत बडवी हजर. तिला उशीवर पालथं घालायची आणि पशासारख्या खोलगट केलेल्या हाताने पाठीवर थापट्या द्यायची. धप, धप, धप. मग पोर खोकून कफ काढायची. रडली तर बडवी म्हणायची, "रड. श्वास तरी खोल जाईल."

आत्याबाईंच्या डोळ्यांत ती कुसळासारखी सलायची.

"बडवायला नवरा नाही, म्हणून आमची पोर धरलीस का गं?"

"नवरा असता तर सरावाला बरा पडला असता. उशी सरकवा."

भिंत पातळ आहे हो. कान मी फक्त सोयीसाठी टेकवतो.

एकाएकी पोरीचा खोकला थांबला. आत्याबाईंनी जिन्यावर मिरवून घेतलं, "माझ्या हाताचा गुण! उद्यापासून त्या बडवीला दार बंद." पोरीच्या आईची नणंदेपुढे बोलायची टाप नव्हती. पोर मात्र तापाने फणफणलेली, ओठ निळसर.

शेवटचं म्हणून बडवी आली. पाठीवर तळवा टेकला आणि थबकली.

"आत नुसती घरघर आहे. खोकला कुठे गेला?"

पोर धापा टाकत म्हणाली, "आत्या गोड औषध देते. मग खोकला झोपतो."

"अहो बाई, खोकला हा हिचा झाडू आहे! झाडू लपवलात आणि घर स्वच्छ झालं म्हणून नाचताय?"

"आवाज खाली! माझ्या भावाचं घर आहे हे."

"छाती हिची आहे. आधी दवाखाना, मग भांडू. मला सवड आहे."

आत्याबाई दारात आडव्या उभ्या. तेव्हा आईने पोरीला उचललं. "ताई, बाजूला व्हा."

झाल्या.

पोर बरी होऊन घरी आली. आत्याबाईंनी माफी मागितली? नाव नको! उलट, 'त्या बयेचं तोंड बघायला नको' म्हणून थापट्या स्वतः शिकायला बसल्या. शिकवणार कोण? बडवीच.

"हात सपाट पडतोय. डास मारताय का?"

"तू शिकव, अक्कल पाजळू नकोस."

हल्ली सकाळी भिंतीपलीकडून थापट्या आणि टोमणे एकाच तालात येतात. मध्येच पोरीला खोकल्याची उबळ येते. दोघी चिडीचूप. कफ पडला, की पुन्हा जुंपते.