तात्यांनी जुंपून पाहिलेला टीव्ही

आमच्या शेजारचे बारकूतात्या कोणतीही वस्तू एकदम विकत घेत नसत. आधी ती जुंपून बघत. बाजारातून बैल आणला की थोडे दिवस नांगराला लावायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर मालकाला परत द्यायचा, ही आमच्या धसईकडची जुनी रीत. तात्यांनी ती बैलापुरती ठेवली नाही. मुरबाडच्या दातांच्या डॉक्टरांकडून आणलेली कवळी त्यांनी आठवडाभर वापरली आणि धुऊन, पुसून, सोबत नारळ घेऊन परत नेऊन दिली. मी ऐकून कपाळावर हात मारला, तर तात्या मलाच म्हणतात, "सूनबाय, तिनं भाकर चावत नाय, तर ठेवून काय करू? आनि घरी आलेल्याला रिकाम्या हातानं परत धाडायचा नसतो."

मी त्यांची सून नव्हे. आमची भिंतीला भिंत लागून, एवढंच नातं. पण आळीतल्या सगळ्याच सुना त्यांच्या होत्या.

बैल ठेवायचा की परत करायचा, हे मात्र तात्या ठरवत नसत. तो मान त्यांच्या बायकोचा, हिराकाकींचा. शेवटच्या दिवशी काकी ताट घेऊन अंगणात यायच्या. बैलाच्या कपाळाला हळद लावली की बैल घरचा झाला. ताटातला नारळ उचलून तात्यांच्या हातात दिला की बैल परत. पुढे वाद नाही. "मालकीन बोलली, संपला विषय," एवढंच तात्या म्हणायचे.

मग काकींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पडवीतल्या खाटेवर त्या उशांना टेकून बसायच्या, नजर एकाच जागी लागलेली. त्यांना काही कळत नाही असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं आणि त्यांच्यादेखत वाटेल ते बोलू लागलो. समोरची यमुना तर खाटेपाशी उभी राहून सांगायची, "आता हिची सुटका झाली पायजे गो." तात्या तेवढे संध्याकाळी शेतावरून आले की खाटेच्या कडेला टेकत आणि दिवसभराचं सगळं त्यांना सांगत. बांध कुठे खचला, भात कुठवर आलं, बाजारात कोण भेटलं. मला भारी वाईट वाटायचं. माणूस भिंतीशी बोलतोय, दुसरं काय.

त्यांचा मुलगा प्रकाश ठाण्याला नोकरीला. आईला फोनवर बघता यावं म्हणून त्याने घरी वायरचं इंटरनेट घेऊन दिलं होतं. त्याच कंपनीचा माणूस एक दिवस दारात आला. त्याच वायरीवर आता टीव्हीही दिसतो, डबा बसवतो, महिनाभर फुकट बघा, आवडला तर ठेवा, असं त्याचं म्हणणं. तात्यांची टीव्हीची जुनी छत्री पत्र्यावर गंजून पडलेली. प्रकाश फोनवर म्हणाला, "बाबा, सरळ घेऊन टाका. आईचा वेळ जाईल." पण तात्या कसले ऐकतात. त्या माणसाला ओटीवर बसवला, चहा पाजला आणि उलटतपासणी सुरू केली. पावसात बंद पडतो का? लाइट गेल्यावर काय? परत करायचा झाला तर तोंड वाकडं करणार नाय ना? शेवटी म्हणाले, "बसव. जुंपून बघू."

डबा बसला आणि अख्खी आळी पडवीत लोटली. मालिका काय, कुस्त्या काय, क्रिकेट काय. तात्या तर खुळावलेच. रिमोटमध्ये तोंड घालून "भजन लाव रे बाबा" म्हणायचे आणि भजन लागलं की आमच्याकडे ऐटीत बघायचे. जेवणाचं ताटही टीव्हीपुढे. मागे खाटेवर काकी, नजर समोर. "काकी बघा कशा रमल्यात," असं आम्ही एकमेकींना सांगायचो. डबा राहणार, यात कुणाला शंकाच नव्हती.

महिना संपला त्या दिवशी तात्यांनी डबा उतरवून पाटावर ठेवला. ताटात हळद आणि नारळ घेतला आणि ताट काकींच्या मांडीवर ठेवलं. "हिरा, ठेवायचा का धाडायचा?"

मला रागच आला. "तात्या, हे काय आरंभलंय? त्यांना काय कळतंय?"

तेवढ्यात काकींचा डावा हात हलला. सरकत सरकत नारळावर गेला. बोटं त्याच्या शेंडीत अडकली आणि काकींनी तो तात्यांच्या बाजूला ढकलला. नारळ खाटेवरून खाली पडला, गडगडत माझ्या पायाशी आला. काकी तात्यांकडे बघत होत्या. सरळ, डोळ्यांत डोळे घालून.

ही बाई इतके दिवस सगळं ऐकत होती. यमुना खांब धरून मटकन खाली बसली. "हिच्यासमोर मी काय काय बोलली गो," एवढंच पुटपुटत राहिली.

एकटे तात्या तेवढे दचकले नाहीत. त्यांनी नारळ उचलला, पुसला. "मालकीन बोलली, संपला विषय."

"अहो, पण त्या रोज बघत होत्या की," मी म्हटलं.

"टीव्ही नव्हती बघत," तात्या हळूच म्हणाले. "मी पुढं बसायचो ना. म्हयनाभर माझी पाठ बघत व्हती ती."

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. मांडीवर धुतलेल्या पंच्यात बांधलेला डबा, वर नारळ. मला बँकेत काम होतं, पण आधी त्यांच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरची मुलगी चक्रावली. "आजोबा, आमचा माणूस घरी येऊन घेऊन जातो. आणि हा नारळ कशाला?"

"तुमचा डबा गुनी हाय, पोरी," तात्या तिला समजावत म्हणाले. "आमच्या घरी नाय रमला, त्यात त्याचा काय दोष?"

त्या संध्याकाळपासून ते परत खाटेच्या कडेला. माझ्या भिंतीतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. आता ते मला भिंतीशी बोलणं वाटत नव्हतं.

यंदा कापणीच्या तोंडावर तात्या गेले. काकींना बांधावरचं काहीतरी सांगत होते, सांगता सांगता मान कलली. सकाळी अंगण झाडताना मला हाक मारलेला माणूस संध्याकाळी नाही, हे माझ्या डोक्यात शिरेचना.

अंगणात सगळी तयारी झाली. काकींना खुर्चीत बसवून तात्यांच्या उशाशी आणलं. प्रकाशने ताट पुढे केलं. त्यात हळद होती, कुंकू होतं, गुलाल होता आणि नारळही होता. "आई, एकदा हात लाव," तो कसाबसा म्हणाला.

काकींचा डावा हात उठला. आळीतल्या प्रत्येकाला ते ताट ठाऊक होतं. हात नारळावरून पुढे गेला. काकींनी चारी बोटं हळदीत बुडवली, पुढे वाकल्या आणि तात्यांच्या कपाळावर दाबून धरली.

यमुना हुंदका देऊन रडायला लागली. हळद तात्यांच्या डोळ्यांवर ओघळली होती. प्रकाश रुमालाने ती पुसायला निघाला. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "राहू दे रे तशीच."