माहा नवरा हासत मेला नव्हता

“ही नको. ती दुसरी नेस. उसवलेली.”

मॅडम माह्या खोलीच्या मंधात उभ्या होत्या. पायातली चप्पल तशीच. दोन बोटानं माहा पदर उचलला, मेलेल्या पालीचं शेपूट उचलावं तसा, अन् सोडून देल्ला. त्या दिवशी नागपूरहून पाहुने येनार होते. चर्चच्या कामाले मदत करनारे मोठे लोक. त्याईच्यासमोर मले साक्ष द्यायची होती. साक्ष म्हंजे मंडळीसमोर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगनं. मी निळी साडी नेसून तयार झाली होती. नवी होती.

“आणि केसांना एवढं तेल? विधवा बाई अशी चापूनचोपून येते का? बघणाऱ्याला काही वाटायला हवं.”

काय वाटायले पायजे, ते त्याईनं सांगतलं नाही. मले समजलं. मी साडी बदलली. केस पुसले. कोनी हात धरून करून घेतलं नाही. मीच केलं. हे अगोदरच सांगून टाकलं पायजे, नाहीतं मी बी मॅडमसारखीच साक्ष देईन.

मॅडम म्हंजे आमच्या मंडळीच्या वडिलाईच्या बायको. मंडळीत जे कारभार पाह्यतात त्याईले वडील म्हनतात. मॅडम शाळेतून रिटायर झाल्या होत्या. चर्चचं कंपाउंड, पोरीचं वसतिगृह, पाहुन्याईचं घर, सारं त्या दोघाईच्याच हातात. गावाचं नाव मी घेत नाही. वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, इतकं पुरे.

मी मांगवाड्यातली. बाप लग्नाकार्यात डफडं वाजवे. तो ख्रिस्ती झाला तवा मी चवथीत होती. मॅडमच्या आज्यानं बी डफडंच वाजवलं होतं, हे साऱ्या मंडळीले माहीत आहे. कोनी बोलत नाही. दोन पिढ्या अगोदर बाप्तिस्मा घेतला, शाळा शिकले, कंपाउंडात राह्यले, तं ते ‘जुने’ झाले. आमी ‘नवे’. देवाच्या घरी बी वाडा वेगळा. आमच्या बायका मागच्या सतरंजीवर. कोनी सांगत नाही, पन पुढं जाऊन बसलं तं समोरची बाई आपली पर्स सरकवून घेते.

माहं लग्न मानोऱ्याकडल्या पोराशी झालं. तो बी ख्रिस्तीच. गळा लय गोड. दिवाळीनंतर आमी ऊस तोडायले जावो. एका सालात भरलेल्या ट्रॅक्टरवर मोळ्या बांधता बांधता तो खाली आला. पाठीचा कना मोडला. कमरेखालचं सारं गेलं. दोन वर्सं तो खाटेवर होता. पोरगी सारा तो पडला तवा चार वर्साची.

त्या दोन वर्सात मी देवासंग जेवढी बोलली, तेवढी जन्मात बोलली नाही. प्रार्थना कसची, भांडन होतं. त्याचं हागनं-मुतनं काढू, जखमा धू, अन् वर पाहून शिव्या देऊ. म्हनो, तुले डोळे आहेत काय, तुह्या पोराले वधस्तंभावरून सहा तासात सोडवलं, माह्या मानसाले दोन वर्सं कायले टांगून ठेवलं. नवरा खाटेवरून म्हने, “अवं हळू, ऐकन तो.” मी म्हनो, “ऐकू दे. त्याच्यासाठीच बोलून राह्यली.” मंग तो एखादं गानं म्हने. मंग मी बी म्हनो. असं आमचं चाले.

पाठीवरच्या जखमा चिघळल्या तवा मी कंपाउंडात गेली. गाडी मागतली, वाशिमच्या दवाखान्यापर्यंत. वडील म्हनले, “गाडी पाहुण्यांना आणायला अकोल्याला जायची आहे. आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवू.” गाडी संध्याकाळपर्यंत अंगनात उभी होती. मी त्याले काळीपिवळीत आडवा टाकून नेलं. डोकं माह्या मांडीवर, पाय कोनाच्यातरी पोत्यावर.

त्यानंतर मॅडम एकदा आमच्या घरी आल्या. एकदाच. दारातच उभ्या राह्यल्या. नाकाले रुमाल. म्हनल्या, “एवढ्या प्रार्थना करूनही गुण येत नाही, म्हणजे घरात काहीतरी लपवलेलं पाप असेल. कबूल करा. देव विनाकारण कोणाला मारत नाही.”

नवरा म्हनला, “पाप मंग सांगतो मॅडम. अगोदर मले कुशीवर करायले जरा हात लावा.”

मॅडमनं घड्याळ पाह्यलं. म्हनल्या, “उपासनेची वेळ झाली.”

त्याईचं सारं शास्त्र मले त्या दिवशीच समजाले पायजे होतं. मॅडमच्या लेकानं पुन्यात फ्लॅट घेतला, तं आशीर्वाद. मॅडमच्या गाडीचा आरसा फुटला, तं सैतानाचा हल्ला, त्याच्यासाठी साऱ्या मंडळीचा उपास. माहा नवरा पडला, तं पाप. असा सोपा हिशेब. सोफ्यावर बसून होते तो.

नवरा गेला तो चैतातल्या दुपारी. ताप होता. मी, सासू अन् सारा, तिघीच घरी. तो म्हनला, “देव-बिव काही नाही वाटते.” थोड्या वेळानं म्हनला, “मले कुशीवर कर.” मी केलं. करता करताच गेला. तोंड उघडं. कपाळावर आठ्या. सासूनं हातानं जबडा मिटवला.

असं मरन होतं ते. आता मॅडमचं ऐका.

महिनाभरानं त्याईनं मले बोलावलं. वसतिगृहात स्वयंपाकाचं काम देल्लं. कंपाउंडात खोली देल्ली, फरशीची, पंख्याची, नळाची. साराले शाळेत घेतलं. मी त्याईच्या पाया पडली. त्याईनं म्हनलं, “उठ गं, हे प्रभूनं केलं. आता तूही त्याच्यासाठी थोडं करायचं. साक्ष द्यायची.”

मी जे झालं ते सांगतलं. मॅडमनं वहीत लिहून घेतलं अन् मंग खोडाले सुरुवात केली. शिव्या खोडल्या. गाडीचं खोडलं. ‘देव नाही वाटते’ खोडलं. म्हनल्या, “लोक खचून जातात असं ऐकून. शेवटी तो हसला असेल ना थोडा? आठवून बघ. प्रभूचं नाव घेतलं असेल.”

मी म्हनलं, “नाही मॅडम.”

“ओठ हलले असतील. तुला कळलं नसेल.”

त्याईनं लिहिलं: प्रभूचं नाव घेत, हसतमुखानं देवाघरी गेला.

मी तेच बोलली. पयल्यांदा मंधात अडखळली. दुसऱ्यांदा कमी. मंग सवय झाली. नागपूरचे आले, पुन्याचे आले, मुंबईचे आले. कुठी थांबाचं, कुठी पदर डोळ्याले लावाचा, कोनच्या वाक्याले पुढच्या बाकावरची बाई रुमाल काढते, सारं पाठ झालं. लोक फोटो काढत. मॅडम मागून खूण करत, हासू नको. मंग पाहुन्याईसंग जेवाले जात. मी वाढाले.

अन् एक गोष्ट सांगाची राह्यली. पंखा लागला अन् माही प्रार्थना गेली. सकाळी उठो, नळाचं पानी भरो, गॅस पेटवो. देवासंग बोलाले तोंडात शब्दच नाही. दुखात मी त्याले शिव्या देत होती, पन तो होता. इतका जवळ होता का शिव्या देता येत होत्या. सुखात मी त्याचं नाव माईकवर घे अन् तो कुठीच नव्हता. दुखानं विश्वास तुटते म्हनतात. माहा दुखानं नाही तुटला. गार फरशीवर निजून निजून सडला.

सासू कामरगावले तिच्या भावाजवळ राहे. एका रविवारी ती न सांगता आली. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. म्हनली, “मले काही दिवस तुह्याजवळ ठेव. भावजयचे हात मोकळे नाहीत.”

मी काय म्हनली असन? मी म्हनली, “मॅडमले विचारा लागन, आत्याबाई. अन् तुमी विश्वासानं मागा. विश्वास कमी पडते, म्हनून दिसत नाही.”

माह्याच तोंडातून मॅडम बोलल्या. मले तवा ऐकू बी नाही आलं.

त्याच दिवशी पाहुने होते. सासू मागच्या सतरंजीवर बसली. मी पुढं उभी राहून साक्ष देल्ली. थांबली तिथं थांबली, रडली तिथं रडली. हसतमुखानं गेला म्हनलं. लोक म्हनले, प्रभूची स्तुती असो.

खोलीवर आल्यावर सासू दाराच्या उंबऱ्यावर बसली. आत नाही आली. म्हनली, “कोनाचं मरन सांगून राह्यली होती व तू?”

मी पान्याचा गिलास पुढं केला, तिनं घेतला नाही.

“माहा पोरगा हासत नाही मेला. तू त्याले हासवलं. मेल्यावर.”

साराले सासूनं जवळ घेतलं. सारा म्हनली, “आजी, बाबा हासतच गेले. आई सांगते ना.” सहा वर्साच्या पोरीनं जे पाह्यलं होतं, ते मी चार वर्सात पुसून टाकलं होतं. माह्या मानसाच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या होत्या. त्याचं शेवटचं बोलनं पुसलं होतं. अन् त्या जागी त्याच मॅडमचं वाक्य ठेवलं होतं, जिनं त्याले हात लावला नाही.

सासू संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी थांब म्हनलं. ती म्हनली, “तुह्या मॅडमले विचार अगोदर.”

पुढचे पाहुने पावसाळ्याच्या तोंडावर आले. मॅडम खोलीत आल्या. म्हनल्या, “साडी?” मी निळी नेसली होती. तेल लावलं होतं. मॅडमनं बदल म्हनलं. मी म्हनली, “नाही.”

“काय नाही?”

“बदलत नाही.”

पाहुने येऊन बसले होते, मॅडमले वाद घालाले वेळ नव्हता. मी माईकसमोर गेली. माह्या भाषेत बोलली. म्हनली, माहा नवरा दोन वर्सं सडला. मी देवाले शिव्या देल्ल्या. वधस्तंभावर येशू बी ‘देवा, मले कायले सोडलं’ म्हनून वरडला होता, त्याले कोनी नाही म्हनलं का तुह्यात पाप असन. आमी गाडी मागतली, गाडी अंगनात उभी होती, भेटली नाही. नवरा मरताना म्हनला, देव नाही वाटते. तो हासला नाही. चार वर्सं मी तुमाले खोटं सांगतलं. ते खोटं मले लिहून भेटलं होतं.

उपासना चालवनारे पाळकसाहेब उठले. म्हनले, “बहीण आज भावनेच्या भरात आहेत. आपण गीत घेऊ.” पेटी सुरू झाली. लोक उभे राह्यले. मी थांबली नाही. कोनाले ऐकू गेलं, कोनाले नाही. मागच्या सतरंजीवरच्या बायकाईले गेलं. त्या गायल्या नाहीत.

मॅडमनं मंग मले व्हरांड्यात गाठलं. ओठ पांढरे पडले होते. “सगळं दिलं तुला. खोली, काम, पोरीची शाळा. लाज वाटत नाही?”

मी म्हनली, “वाटते. चार वर्साची वाटते.”

खोली दोन दिवसात खाली केली. सारा रडली, शाळा सुटली म्हनून. तिले मी सारं खरं सांगतलं, बाप कसा गेला तेही. ती माह्यासंग आठ दिवस बोलली नाही. तेही मले सोसा लागलं. आता आमी कामरगावले आहोत, सासूसंग. मी निंदाले जाते. सारा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. सासूचं एका डोळ्याचं ऑपरेशन सरकारी शिबिरात झालं. दुसऱ्याचं व्हायचं आहे. सुख म्हनावं असं काही नाही.

मागच्या महिन्यात मंडळीचा कागद आला. त्याईनं मले प्रभुभोजनातून काढलं आहे. येशूनं शेवटच्या रात्री भाकर मोडून देल्ली, तिच्या आठवनीत मंडळी जी भाकर खाते, ती मले बंद. खाली माहं नाव टाइप करून ठेवलं होतं, वर लिहिलं होतं: मी रागाच्या भरात मंडळीची बदनामी केली, मला क्षमा करावी. सही करून पाठवा, मंग पुन्हा घेऊ, म्हने.

मी सही केली नाही. करनार नाही. भाकर त्याईच्या बापाची नाही. ज्यानं मोडून देल्ली, त्याच्यासंग माहं भांडन अजून सुरू आहे, अन् आता रोज सुरू आहे. कधी मिटलं तं त्याच्यासंगच मिटन. मधल्या मानसाले मी पुन्हा विचारनार नाही.