लीलाबाईंचा एकटीचा फोटो

वडनेरच्या रूपराव झाड्यांच्या बैठकीत समोरची भिंत फोटोंनी भरलेली आहे आणि प्रत्येक फोटोत रूपराव आहेत. कुठे शाल घेताना, कुठे शाल देताना, कुठे फीत कापणाऱ्याच्या मागे. रूपराव एके काळी उपसरपंच होते. पालकमंत्र्यांच्या फोटोत त्यांचा एक खांदा आणि एक कान आला आहे. तो कान आपलाच, हे ते पाहुण्यांना बोट ठेवून दाखवतात.

त्यांच्या पत्नी लीलाबाई ह्या भिंतीवर नव्हत्या. ह्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. रीतच अशी, की पुरुषाचा फोटो सत्काराने लागतो आणि बाईचा मरणाने. जिवंत बाई लग्नाच्या ग्रुप फोटोत असते, नाहीतर नवऱ्याशेजारी खुर्चीवर. फ्रेममध्ये एकटीनं बसायचं तर आधी जावं लागतं.

सासूबाई अन्नपूर्णाबाई गेल्या तेव्हा घरभर शोधाशोध झाली. सापडेल त्या फोटोत त्या वाढत होत्या, वाकलेल्या होत्या, नाहीतर पदराआड होत्या. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणला, खाली दुसऱ्याच कोणाच्या अंगावरचा हिरवा शालू जोडला. चेहऱ्यावर गुन्हा कबूल केल्याचा भाव. जिचं हसू विहिरीपर्यंत ऐकू जायचं, ती ही नव्हे. लीलाबाई रोज देवघराशेजारी त्या फोटोला हार घालायच्या आणि रोज त्यांना वाटायचं, आपण कोणा परकीचीच सेवा करून राहिलो आहोत.

"माझं असं नाई होऊ द्यायचं," त्यांनी मुलीला, काजलला सांगितलं. "मी हाय तोवर माझा मीच लावते."

काजलच्या मोबाइलमध्ये कापूस वेचतानाचा एक फोटो होता. वेचणाऱ्या बाया घालतात तसा लीलाबाईंनी साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घातला होता, डोक्याला दुपट्टा बांधला होता, कमरेची ओटी कापसानं फुगली होती. कोणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण त्या तोंडभर हसत होत्या. समोरचा एक दात नसल्याचं त्या हसण्याला काही वाटत नव्हतं. तो फोटो घेऊन दोघी हिंगणघाटला मोतीलालच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात गेल्या.

मोतीलालने फोटो पाहिला आणि त्याचा आवाज सवयीनं खाली आला. "कब गुजरी, मौसी?"

"अजून नाई गुजरली. थे मीच हाय."

मोतीलालने फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे. असं गिऱ्हाईक दुकानात आलं नव्हतं. पण माणूस धंद्याचा, लगेच सावरला. "मग अंगावर शालू टाकून देतो. मागे हिमालय टाकू? सबको पसंद आता है."

"मी हिमालयात काय करू? मागं कापसाची पऱ्हाटी हाय, थेच राहू दे."

"दात तरी लावून देतो एक."

"तोंडात नाई, तं फोटोत काऊन?"

फ्रेम घरी आली. रूपरावांनी ती दोन्ही हातांनी धरून लांबून पाहिली. "काय करून राह्यली व तू? लोक म्हणतीन, गेली. अन् हे शर्ट तं माझं हाय!"

"म्हणूनच तं. तुमची सवयच हाय, फोटोत थोडंसं यायची."

काजल आत पळाली. रूपराव हसले नाहीत. "हे पाय, जित्या बाईचा एकटीचा फोटो लावत नसतेत. आपल्या अनुपसाठी पोरगी पाहून राह्यलो. उद्या पाहुणे येतीन, काय म्हणतीन?"

"काय म्हणतीन थे ऐकाले मी घरीच हाय ना."

"एकानं जरी चुकीचं समजलं, तं मी खाली उतरवीन."

"उतरवजा."

खिळा लीलाबाईंनी स्वतः ठोकला, भिंतीच्या मधोमध. त्यासाठी पालकमंत्र्यांना थोडं बाजूला सरकावं लागलं. अशी वेळ येते हे मंत्री लोक जाणून असतात. मग रोज सकाळी काच पुसताना त्या फोटोतल्या बाईकडे बघायच्या. बाई त्यांना पसंत होती. हार मात्र घातला नाही. जिवंत माणसाला हार घालायचा तर आधी भाषण करावं लागतं.

काही दिवसांनी सेलूचे बाबाराव घर पाहायला आले. त्यांची मुलगी रूपरावांच्या मुलासाठी, अनुपसाठी सांगून आली होती. त्यांनी चपला काढल्या, भिंतीपुढे उभे राहिले, हात जोडले आणि डोळे मिटले.

"मोठ्या हसतमुख होत्या," ते रूपरावांना म्हणाले. "कधी झालं हे?"

लीलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. पाहुण्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या नवऱ्याच्या हाताकडे पाहत होत्या. रूपरावांनी हात उचलला, फ्रेमपर्यंत नेला, फ्रेमची कडा धरली. मग एक बोट सुटं केलं आणि काचेवर टेकवलं.

"होत्या नाई, भाऊ. हायेत. ह्या आमच्या घरच्या. मी गाव सांभाळत होतो तवा वावर हिनं सांभाळलं. आताही पेरणीपासून वेचाईवरी हुकूम हिचाच चालते, मी सही कराले जातो. ही पहिली वेचाई हाय. हे मागं पाहा, पऱ्हाटी कशी लदलदून हाय."

रूपराव बरंच बोलले. पालकमंत्र्यांची गोष्ट त्या दिवशी सांगायचीच राहिली. दारात लीलाबाईंच्या ट्रेमधला चहा निवत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो निवू दिला.

बाबारावांचं लक्ष दाराकडे गेलं आणि ते अर्धे उठले. "माफ करजा, वहिनी. माह्या ध्यानातच नाई आलं."

"माफी कायची, भाऊ?" लीलाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "पण तुमी तं डोळे मिटून हात जोडले. मंग दिसलं काय? आता नीट पाहून घ्या."

बाबारावांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भिंतीजवळ गेले.